कागदावर एकोणीसच!

आमच्या ऑफिसात फायली ठेवायला तीन लोखंडी कपाटं आहेत. किस्से ठेवायला मात्र एकही नाही, त्यामुळे ते सगळे माझ्या डोक्यात साठत गेलेत. एखादी फाईल काढायला जावं तर तिच्याबरोबर एक किस्सा हटकून बाहेर पडतो. चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सांग गं, हॉटेलवाल्यांचं नवीन काय?" आणि मग हसता हसता मध्येच एखादी गप्प होते. तशा जातीचे किस्से आहेत हे.

मी जळगावला एका पीएफ कन्सल्टंटकडे काम करते. एकवीस वर्षं झाली. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही. चोपड्यापासून धुळ्यापर्यंतची हॉटेलं, लॉज, खानावळी यांचे पीएफचे कागद आमच्याकडे. पीएफ म्हणजे कामगाराच्या पगारातून थोडे कापायचे, तेवढेच मालकाने घालायचे आणि त्याच्या म्हातारपणासाठी भरायचे. माणूस मध्येच गेला तर बायकोला पेन्शन, विम्याचे पैसे. पण मेख अशी, की वीस माणसं कामाला असली की कायदा लागतो, एकोणीस असली तर नाही. त्यामुळे खान्देशातल्या कितीतरी हॉटेलांत बरोब्बर एकोणीस माणसं असतात. विसावा माणूस जन्मालाच येत नाही!

त्यात लॉकडाऊन आला. भट्ट्या विझल्या, लॉजच्या खोल्यांना जळमटं धरली, आणि नंतर हॉटेलं उघडली तरी गिऱ्हाईक येईना. मालक खरोखर मेटाकुटीला आले होते, ते मी नाकारत नाही. पण पहिली काट कुठे मारायची, हे मात्र सगळ्यांना न सांगता एकसारखंच सुचलं: कामगाराच्या पीएफवर.

नावं बदललीत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

*

धुळ्याच्या पुढे हायवेला एक मोठं हॉटेल आहे. मालकांना आपण सुभाषशेठ म्हणू. कामाला चौतीस माणसं, कागदावर अर्थातच एकोणीस. कोणीतरी तक्रार केली आणि भर दुपारी पीएफ ऑफिसचे तपासणीचे साहेब येऊन थडकले. मी एका कागदावर सही घ्यायला गेले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

जीप वळताना दिसल्याबरोबर सुभाषशेठ ओरडले, "पंधरा जण फॅमिली सेक्शनमध्ये बसा! गिऱ्हाईक व्हा!"

वेटर, भांडीवाले, पोळ्या करणाऱ्या दोघी, सगळे ॲप्रन काढून टेबलांवर बसले. कोणी मेनूकार्ड उलटं धरलं. कोणी शर्टावरचं हॉटेलचं नाव दिसू नये म्हणून शर्टच उलटा घातला. दोघं तर खोटं खोटं भांडायला लागले, बिल कोण देणार म्हणून!

साहेबांनी सगळीकडे फिरून माणसं मोजली. एकोणीस. फॅमिली सेक्शनकडे नजर टाकून म्हणाले, "बरी गर्दी आहे हो!"

"देवाची कृपा!" सुभाषशेठ म्हणाले.

मग साहेब काउंटरजवळ बसले आणि सुभाषशेठनी चहा सांगितला. आता हॉटेलात पद्धत अशी असते, की ऑर्डर तयार झाली की आतला माणूस घंटी वाजवतो आणि ज्याचं टेबल असेल तो वेटर उठून जातो. आतल्या माणसाने साहेबांचा चहा खिडकीत ठेवला आणि सवयीने घंटी मारली. टिंग!

फॅमिली सेक्शनमधलं अख्खं गिऱ्हाईक ताडकन उभं राहिलं!

मला आठवतंय, कोणी हसलंच नाही. सुभाषशेठचा चेहरा पिठासारखा झाला. साहेब शांतपणे म्हणाले, "बसा बसा. चहा माझा आहे."

मग त्यांनी एकेकाला जवळ बोलावून नाव विचारलं. एक म्हातारे वेटर होते, वेडूदादा. साहेबांनी विचारलं, "किती वर्षं झाली इथे?"

"तीस झाली असतील." वेडूदादा ज्या खुर्चीवरून उठून आले होते तिच्याकडे बघत म्हणाले. "पण साहेब, खुर्चीवर आज पहिल्यांदा बसलो. मऊ आहे हो!"

*

जळगावातलं एक जुनं लॉज. खाली रेस्टॉरंट, वर खोल्या, मागे स्वयंपाकघर. एकच गल्ला आणि एकच मालक, पण कागदावर तीन धंदे. रेस्टॉरंट मालकाचं, खोल्या बायकोच्या आणि स्वयंपाकघर मालकाच्या आईचं. तिन्हीकडे माणसं विसाच्या आत. ही आयडिया कोणाची, ते मी सांगणार नाही, पण पीएफ ऑफिसात सुनावणी लागली तेव्हा नाना स्वतः आले होते.

साहेबांनी आईलाही बोलावलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी. आपण एका व्यवसायाच्या प्रोप्रायटर आहोत हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्याकडे कामगार किती?"

आजी अहिराणीत म्हणाल्या, "मनाकडे कुठला कामगार भाऊ! एक सून शे, ती बी ऐकत नही!"

हॉलमध्ये हशा. सून तिथेच बसलेली, तिने पदर पुढे ओढला. नानाही हसले. पण साहेबांनी फाईलमधून स्वयंपाकघर आजींच्या नावावर असल्याचा करारनामा काढला आणि आजींच्या पुढे धरला. खाली इंग्रजीत झोकदार सही. तिच्याखाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं.

"ही सही तुमची का आजी?"

आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. म्हणाल्या, "मी ते अंगठा लावस भाऊ."

नानांच्या हातातलं पेन खाली पडलं. आणि मालक काय बोलावेत?

"साहेब, आई परवाच शिकली!"

*

हा किस्सा सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव. तिथला भीमसिंग जळगावच्या एका लॉजवर रूम सर्व्हिसला होता. वय चाळिशीचं, बोलणं कमी. लॉकडाऊनमध्ये सरकारने पीएफमधून आगाऊ पैसे काढायची सवलत दिली, तेव्हा तो आमच्याकडे आला. आठ वर्षांच्या पगाराच्या पावत्या त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी घालून जपून आणल्या होत्या. प्रत्येक पावतीवर पीएफची कपात, आणि खाली बारा आकडी नंबर. पीएफचा नंबर बारा आकडीच असतो. सगळं व्यवस्थित दिसत होतं.

मी नंबर टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, असा नंबर नाही. परत टाकला. नाही. भीमसिंग म्हणाला, "ताई, लाईनचा प्रॉब्लेम असेल. मी बसतो." आणि तो बाकावर दोन तास बसून राहिला.

ते लॉज आमच्याच फायलीतलं होतं, पण त्यात भीमसिंगचं नावच नव्हतं. म्हणून मी पावती घेऊन लॉजवर गेले. शेठ फोनवर बोलत होते. मी टेबलासमोर बसले आणि सहज समोरच्या कागदांवर नजर गेली. लाईट बिल पडलं होतं. त्यावर ग्राहक क्रमांक, बारा आकडी. मी एकेक आकडा पावतीशी ताडून पाहिला. पहिला आकडा जुळला, दुसरा जुळला. सहाव्या आकड्यापासून मी बोट ठेवून वाचायला लागले. बाराच्या बारा जुळले!

शेठनी फोन ठेवला. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "कपात केली नसती तर सगळे पैसे उडवले असते त्याने. मॅडम, त्याला बचतीची सवय लागावी म्हणून कापत होतो!"

"मग ती बचत कुठे आहे?"

"लॉज चालू ठेवलंय ना त्याच्यासाठी!"

परत येऊन मी भीमसिंगला समजावून सांगितलं. कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, पावत्या एकावर एक नीट लावल्या आणि विचारलं, "म्हणजे ताई, आठ वर्षं मी लाईट बिलात होतो?"

त्या दिवशी नानांना पहिल्यांदा एका शेठवर ओरडताना मी ऐकलं. फाईल सोडतो, तक्रार मीच करतो, इथपर्यंत गेले. शेठ नमले, पण हातात रोकड नाही म्हणाले. लॉज रिकामंच पडलं होतं. शेवटी थोडे पैसे आणि बाकीच्या बदल्यात दोन डबलबेड, गाद्यांसकट! भीमसिंगने ते टेम्पोत घालून गावी नेले. घराचं दार अरुंद, बेड आत जाईनात. पुढे एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "बेडचं काय केलंस रे?"

म्हणाला, "एकावर मका वाळत घालतो. दुसऱ्यावर बकऱ्या बसतात. मजेत आहेत."

*

एक छोटासा.

पहूरच्या बाजूचं एक फॅमिली रेस्टॉरंट. मालकाने पीएफच्या यादीत घरचीच माणसं भरलेली. पुण्यात शिकणारा मुलगा 'तंदूर कामगार', जावई 'सफाई कामगार', आणि सून, जी एम.ए. झालेली, ती 'भांडी कामगार'. पैसे घरातल्या घरात फिरायचे. खरे राबणारे सगळे यादीबाहेर.

सुनेच्या फोनवर एकदा पीएफचा मेसेज आला. ती थेट आमच्या ऑफिसात. "माझं नाव कुठल्या पदावर आहे ते दाखवा." मी दाखवलं. मला वाटलं, आता रडणार. ती घरी गेली आणि सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, तीन वर्षं भांडी घासतेय मी तुमच्याकडे. पगार द्या!"

सासरे हसले. तिने सांगितलं, "नाहीतर पीएफच्या फॉर्मवरच्या सह्या माझ्या नाहीत असं मी लिहून देईन."

सासऱ्यांनी पगार दिला की नाही ते मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यात यादी बदलून आली. सुनेचं नाव काढलेलं, आणि तिथे लक्ष्मीबाई. खरोखर भांडी घासणाऱ्या. यादीच्या कडेला पेनाने लिहिलेलं होतं: 'हिचं आधारकार्ड मी स्वतः पाहिलंय.' अक्षर एम.ए.चं!

*

धुळ्यात देवपूरला एक नावाजलेलं व्हेज हॉटेल. तिथे वसंतआप्पा कॅप्टन होते. म्हणजे वेटर लोकांवर देखरेख, गिऱ्हाईकाला कुठे बसवायचं, कोणाला काय आवडतं, सगळं आप्पांच्या डोक्यात. बावीस वर्षं. आत्ताचे मालक पिंटूशेठ, त्यांना गल्ल्यावर बसायला शिकवलं ते आप्पांनीच.

लॉकडाऊननंतर सरकारने एक योजना काढली. नवीन कामगार घ्या, त्याचा पीएफ काही काळ सरकार भरेल. पिंटूशेठनी लगेच गाडी काढली आणि आमच्या ऑफिसात आले. "मॅडम, माझ्याकडे खूप नवीन माणसं आहेत."

नवीन म्हणजे काय, तर जी आजवर कागदावर नव्हती ती!

मी जॉइनिंग लेटर टाईप केली. सहा महिने प्रोबेशन, या काळात दोन्ही बाजूंना पूर्वसूचनेशिवाय काम थांबवता येईल, वगैरे नेहमीचा मजकूर. दुसऱ्या दिवशी वसंतआप्पा आमच्याकडे हजर. हातात पेढ्यांचा पुडा!

"मॅडम, नोकरी लागली मला! घ्या, तोंड गोड करा."

सगळं ऑफिस हसलं. आप्पाही हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "दहा वर्षं भरली की पेन्शन मिळते ना?"

"हो आप्पा."

"मला सत्तावन्न पुरी झालीत."

मी हातातला पेढा टेबलावर ठेवला. पेन्शनची सेवा अठ्ठावन्नपर्यंतच धरतात. आप्पांचं एकच वर्ष भरणार होतं. मी ते सांगितलं. आप्पांनी टेबलावरचा पुडा बंद केला, दोरा परत नीट बांधला.

"मग मॅडम, माझी ही बावीस वर्षं गेली कोणाच्या खात्यात?"

मी पिंटूशेठना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "अहो आप्पा, कागदाचं काय घेऊन बसलात! आमच्या मनात तुम्ही पहिल्या दिवसापासून पर्मनंट आहात!"

आप्पा उठून घरी गेले. पुढच्याच आठवड्यात पिंटूशेठकडे एका मोठ्या साखरपुड्याची ऑर्डर होती. बऱ्याच दिवसांनी आलेली पहिली मोठी ऑर्डर. पाहुणे दारात, आणि आप्पांनी टाय काढून काउंटरवर ठेवला.

"आप्पा, हे काय? आत्ता? निदान महिनाभर आधी सांगायचं तरी!"

आप्पांनी खिशातून जॉइनिंग लेटर काढलं. मी टाईप केलेली ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. म्हणाले, "प्रोबेशनवर आहे मी, शेठ!"

*

उलटा धक्काही एकदा बसला. सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की सगळं असंच.

आमच्याच गल्लीच्या टोकाला एक खानावळ. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. आठ बायका कामाला. लॉकडाऊनमध्ये अक्कांनी डबे पोचवून कशीबशी खानावळ जगवली. एके सकाळी त्या ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "नाना, आमचा पीएफ सुरू करून द्या."

नानांनी समजावलं, "अक्का, तुम्हाला लागूच नाही. वीस माणसं लागतात."

"मग लावून घ्या ना!"

"अहो, तुम्हालाही तेवढेच भरावे लागतील."

"ते माहीत आहे. आमच्या यशोदेला नवऱ्याने टाकलंय. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. काल म्हणाली, अक्का, मी म्हातारी झाल्यावर कोणाला सांगू की मी आयुष्यभर काम केलं? मग मी म्हटलं, चल, विचारून येते."

स्वतःहून पीएफ लावून घ्यायची सोय कायद्यात आहे. पण तो फॉर्म नेमका कोणता, हे आम्हाला दोघांनाही सांगता येईना. तिन्ही कपाटं धुंडाळली. इतक्या वर्षांत कोणी मागितलाच नव्हता!

*

आता हा शेवटचा. यात मी नुसती बघणारी नव्हते, म्हणून सांगायला जड जातो.

जळगाव-धुळे रस्त्यावर एक हॉटेल शेवभाजीसाठी प्रसिद्ध होतं. लोक वाकडी वाट करून तिथे जेवायला थांबत. मी स्वतः कितीदा जेवलेय. मालक अशोकशेठ, आणि आचारी हिलालभाऊ. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फक्त पार्सल चालू होतं तेव्हाही हिलालभाऊ रोज भट्टीपुढे उभे होते. तिथेच ताप भरला. आठव्या दिवशी गेले.

मागे बायको, सुमनबाई. सहा महिन्यांनी त्या पीएफचं विचारायला गेल्या, तर शेठ म्हणाले, "कागदावर नव्हतंच त्यांचं नाव." गावातल्या मास्तरांनी त्यांना अर्ज लिहून दिला, आणि पीएफ ऑफिसकडून हॉटेलला पत्र आलं, खुलासा करा.

अशोकशेठ पत्र घेऊन आमच्याकडे आले. "नाना, लिहून द्या, या माणसाला आम्ही ओळखत नाही. आधीच धंदा बसलाय. एकाचं कबूल केलं तर बाकीचे पण उभे राहतील."

मी नानांकडे पाहिलं. नाना पंख्याकडे पाहत होते. मी टाईप केलं: 'सदर इसम आमच्या आस्थापनेत कधीही कामास नव्हता.' होय, मीच केलं. प्रिंट काढून सहीसाठी पुढेही मीच सरकवलं.

सुनावणीच्या दिवशी नानांची तब्येत बरी नव्हती, म्हणून शेठबरोबर मी गेले. समोर सुमनबाई आणि त्यांचा दीर. साहेबांनी आमचं उत्तर मोठ्याने वाचलं. मी खाली मान घालून फाईलची नाडी सोडत होते आणि बांधत होते.

"शेठ, हे बरोबर आहे?"

"हो साहेब. हा माणूस आमच्याकडे कधी कामाला नव्हताच."

साहेब सुमनबाईंकडे वळले. "बाई, पगाराची पावती आहे?"

"नही साहेब. हातमाच देयेत."

"ओळखपत्र? हजेरीचं कार्ड? काहीतरी पुरावा लागतो हो."

"पुरावा शे साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "बाहेर ठेवेल शे. मोठा शे."

दीर बाहेर गेला आणि सुतळीने बांधलेली एक लांबलचक गुंडाळी खांद्यावर घेऊन आला. ती एसटीच्या टपावर टाकून आणली होती. खोलीत उलगडायला जागा होईना. शिपायाने टेबल सरकवलं, खुर्च्या भिंतीला लावल्या. सुतळी सुटली आणि जमिनीवर एक भलंमोठं फ्लेक्स पसरत गेलं. आधी पांढरी टोपी दिसली, मग कपाळ, मग मिशी, मग हातातला झारा.

हिलालभाऊ! भिंतीपासून भिंतीपर्यंत!

आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. साहेबांनीही. चेहऱ्यावर पाय कसा ठेवणार?

हायवेवरचं जुनं होर्डिंग होतं ते. शेठनी नवीन बोर्ड लावला तेव्हा जुनं फ्लेक्स हिलालभाऊंनाच देऊन टाकलं होतं, घरावर टाका, पावसात गळणार नाही म्हणून. इतकी वर्षं ते त्यांच्या पत्र्यावर होतं. रंग उडालेला, कडेला तारांची भोकं, कोपऱ्यात वाळलेली पानं चिकटलेली. पण खालची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. साहेबांनी वाकून वाचली.

"'पंचवीस वर्षांपासून तोच हात, तीच चव. आपले हिलालभाऊ.' आणि खाली हॉटेलचं नाव." साहेब सरळ झाले. "शेठ, हे कोण?"

अशोकशेठच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता कबूल करतील. सुटतील बिचारे, आणि मीही सुटेन.

शेठ म्हणाले, "मॉडेल आहे, साहेब! फोटोपुरता आणला होता!"

सुमनबाई जमिनीवर बसल्या. फ्लेक्सला गालाजवळ एक सुरकुती पडली होती, ती तळहाताने हळूहळू सपाट करत राहिल्या.

साहेबांनी शिपायाला सांगितलं, "फोटो काढा याचा. चारी बाजूंनी." आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमचं उत्तर परत न्यायचंय की राहू देऊ?"

मी शेठकडे न बघता म्हटलं, "परत द्या साहेब."

पुढे ऑर्डर आली. वेळ लागला, चार खेटे जास्त पडले, पण शेठला मागचे सगळे पैसे भरावे लागले आणि सुमनबाईंना पेन्शन सुरू झाली. आमच्याकडची त्या हॉटेलची फाईल शेठनी काढून नेली. नाना त्यावर मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी, सुनावणी संपल्यावर जिन्यात घडलं. फ्लेक्स परत गुंडाळलेलं, दिराच्या खांद्यावर. सुमनबाई त्याच्या मागे एकेक पायरी उतरत होत्या. इतक्यात अशोकशेठ घाईघाईने मागून आले आणि त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. मी वरच्या पायरीवर थबकले. वाटलं, माफी मागतायत.

"वहिनी, झालं गेलं सोडून द्या," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "गिऱ्हाईक तुटलंय हो माझं. तीन आचारी बदलले. कोणालाच ती चव जमत नाही. हिलालभाऊ शेवभाजीला मसाला कसा करायचे, ते तुम्हाला माहीत असेल ना? तेवढं सांगा."

सुमनबाई थांबल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेठकडे नीट पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या ते तुमनाकडे कधी कामले व्हतातच नही ना?"